कापड्याची फेरी

महाड
९ फेब्रुवारी २०२५

प्यारी माहरुख आपा,

अस्सलामु अलैकुम. अल्लाच्या मेहरबानीनं इकडे सगळे खाऊनपिऊन ठीक आहेत. तू, दुलाभाई आणि पोरं मजेत असाल. तुझ्या गुडघ्यांची तेवढी काळजी वाटते.

कागदावरचं पत्र बघून हसशील. हस. शेजारचा शोएब सुट्टी संपवून उद्या कुवेतला परततोय, त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी सुकट, घावनांचं पीठ आणि हे पत्र दिलंय. सुकट तीन पिशव्यांत बांधली आहे. तरी विमानात वास सुटला तर माझं नाव सांगू नकोस, असं त्याला बजावलंय. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन तुझ्या सुनेच्या हातात आणि माझा माझ्या सुनेच्या हातात, आणि दोघींनाही स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. तुझी हैदराबादची, तिला मराठी वाचता येत नाही. माझ्या अफशाला येतं, पण दोन ओळींच्या वर काही वाचायचं म्हटलं की तिला झोप येते. म्हणजे पत्रच बरं.

माझ्या अर्शदचा टेंपो चालू आहे. अफशा आता दुकानात बसते. बांगड्या भरायला शिकली, पण एक डोळा मोबाइलवर असतो, त्यामुळे चार भरल्या की एक टिचते. पुरानंतर दुकानाला नवीन फळ्या मारल्या त्या आता कुठे रंगवल्या. रमजान तोंडावर आलाय, ईदचा माल भरायचाय. मंगळवारी पोलादपूरकडे, गुरुवारी नाते गाव नाहीतर शिवथर, अशा माझ्या फेऱ्या अम्मीच्या वेळेसारख्याच चालल्या आहेत.

त्यातली मंगळवारची, कापडे गावची फेरी मी आता बंद करणार आहे. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, बांगड्या भरणं कमी करा. म्हणून.

आता तू म्हणशील, सलीमा, बोटं काय फक्त कापड्यातच दुखतात? नात्यात दुखत नाहीत, शिवथरला दुखत नाहीत? लहानपणापासून तुझ्यापुढे माझं खोटं टिकलेलं नाही. बरं, सांगते. एका गिऱ्हाइकामुळे बंद करतेय.

सरिता तिचं नाव. कापड्याच्या वरच्या वाडीत राहते. असेल पस्तिशीची. नवरा राजेश मुंबईत कुठल्याशा कँटीनमध्ये आहे, शिमग्याला आणि गणपतीला येतो. मुलगी शिकायला त्याच्याकडेच नेली. घरात ही, दोन म्हशी, बकऱ्या आणि सासू बयाबाई. बयाबाईला तू ओळखतेस. अम्मीबरोबर तू त्या पायवाटेनं जायचीस तेव्हा भाव करताना जिचा आवाज खालच्या ओढ्यापर्यंत यायचा, तीच ती. अजून तेवढाच आवाज आहे. पायवाटेच्या जागी सिमेंटचा रस्ता झाला, एवढाच फरक.

आधी सरिता चारचौघींसारखीच होती. संक्रांत, नागपंचमी, गणपती, असं सणावाराला भरायची. इस्माईल गेले, चार महिने दहा दिवस घरात बसून माझी इद्दत झाली आणि मी परत फेरीला निघाले, तेव्हापासून ती जीप थांबते तिथपर्यंत खाली यायला लागली. माझी बांगड्यांची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन चढायची. मला बरं वाटलं, का खोटं बोलू. पेटी जड असते आणि माझं वय उतरणीला लागलंय. मग घरी चहा. मग चहाबरोबर घावन. मग मी सगळी वाडी उरकून शेवटी तिच्याकडे बसायला लागले, कारण तिथून निघताना घाई नसायची.

हळूहळू तिला महिन्याला बांगड्या लागायला लागल्या. मग दर मंगळवारी. म्हशीनं हिसका दिला, विळा अडकला, हंडा आपटला. दर वेळी नवीन कारण. भरताना आपण हात चोळतो, अंगठा आत घेतो, बोटांची मूठ दाबतो, तेवढा वेळ ती डोळे मिटून बसायची. कामानं तिचे हात इतके कडक झालेत की दोन-चार मापाची बांगडी चढवायला मला घाम येतो. घाई केली की म्हणायची, “सावकास भरा भाभी, मला कुटं जायाचा हाय?”

अती तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही. फोन सुरू झाले. सकाळी “चाय झाली?”, दुपारी “जेवलाव?” मी नात्यात कुणाचा तरी हात धरून बसलेली आणि हिचा फोन. बाजाराच्या दिवशी दोन गाड्या बदलून महाडला दुकानात येऊन बसायची आणि दुसऱ्या बाईला मी जरा जास्त वेळ दिला की तोंड पाडायची. एकदा तर एका गिऱ्हाइकाला म्हणाली, “त्यांची बोटं दुकतात, तुमी तयार कडा घ्या ना.” माझ्याच दुकानात! शिवाय भेटी. वालाच्या शेंगा, नाचणीचं पीठ, लोणी, अंडी. मागच्या महिन्यात जीपवाल्याबरोबर एक करडू पाठवलं, वर निरोप, की बकरी ईदला हे कापायचं नाही, पाळायचं. दुसऱ्या मजल्यावर करडू कुठे पाळू? दोन दिवस मोरीत बांधलं. अर्शदचा एक बूट त्यानं खाल्ला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. तिसऱ्या दिवशी त्याच जीपनं ते परत पाठवलं, तर बाई आठवडाभर रडली.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मागच्या मंगळवारी मला लवकरची जीप मिळाली. सरिता खाली दिसली नाही म्हणून मी स्वतःच पेटी घेऊन वर चढले. ती मागल्या पडवीत पाट्याजवळ बसली होती आणि मनगट पाट्याच्या कडेवर आपटत होती. रागानं नाही, आपा. शांतपणे, नारळ फोडायच्या आधी आपण ठोकून बघतो तसं. एक बांगडी टिचली की तुकडे बाजूला, मग दुसरी. मनगटाला रक्त आलेलं. मला बघून ती दचकलीसुद्धा नाही. हसली आणि म्हणाली, “आज लवकर आलाव?”

मी तिला त्या दिवशी इतकी बोलले की पेटीतल्या बांगड्यासुद्धा घाबरल्या असतील. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “ह्यांनी चार वर्सांत माजा हात नाय धरला भाभी. तुमी दर मंगलवारी धरता.”

मी रक्त पुसलं आणि बांगड्या भरल्या.

आता बयाबाईचं ऐक. तिला पाट्याचं ठाऊक नाही. तिला एवढंच दिसतं की दर आठवड्याला सुनेची बांगडी फुटते. आणि गावात बांगडी वाढली म्हणजे नवऱ्यावर काही येतं, हे काय तुला सांगायला हवं? तिनं मला अंगणात उभं करून सुनावलं, “तुज्या हाताची काच टिकत नाय गो. माज्या लेकावर काय आलं तर? तुज्या आयेचा हात असा नव्हता.” आता ती हे सगळ्या वाडीत बोलते आहे. आपल्या धंद्यात एकदा हात वाईट ठरला की संपलं. मे महिन्यात वाडीत दोन लग्नं आहेत, दोन्ही नवरींचे चुडे माझ्याकडे ठरलेले, आता त्या घरची माणसं “बघू” म्हणतात. वाडीचं ऐकून कापडे गाव बदलेल, कापड्याचं ऐकून पोलादपूर. बयाबाईला खरं सांगावं तर सरिताचं त्या घरात काय होईल? नाही सांगावं तर माझा हात बदनाम. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तू अम्मीबरोबर इतकी वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलीस. सांग, मी काय करू? शोएब बॅगेचं कुलूप शोधतोय, म्हणून आवरतं घेते. अजून एक लिहायचं होतं, पण ते राहू दे.

तुझी
सलीमा


महाड
२५ फेब्रुवारी २०२५

प्यारी आपा,

सलाम. तुझा निरोप मिळाला. “कापड्याच्या मालाबद्दल सरळ बोल, लपवाछपवी करू नको,” हे तू स्पीकरवर इतक्या करड्या आवाजात म्हणालीस की अफशा मला विचारत होती, कापड्यात आपला कसला माल अडकलाय? मी म्हटलं, काचेचा.

हे पत्र नेणाऱ्याला तू ओळखत नाहीस, पण तो सज्जन आहे. त्याला चहा पाज.

आपा, तू सांगितलंस तसं मी केलं नाही. सरळ बोलायचं ठरवून गेले होते. जीपमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागली, तिच्या पाठीमागून चढता चढता माझी सगळी वाक्यं गळून पडली. चहा झाल्यावर मी म्हणाले, सरिता, माझी बोटं गेली. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलंय. आता कुठलीच फेरी नाही, आजची शेवटची.

मला वाटलं होतं, ती रडेल, मी दोन शब्द समजुतीचे बोलेन आणि सुटेन. ती उठली, चुलीवर तेल कोमट केलं, त्यात लसूण टाकला आणि माझा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळत बसली. एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत. म्हणाली, “बंद तर बंद. काम गेला तर जाऊ दे. मी येन म्हाडला, रोज तेल लावीन.” म्हणजे दाराबाहेर काढायला गेले आणि उलटी घरातच घेऊन आले! माझ्यासारखी शहाणी दुसरी नसेल.

मी हात काढून घेतला नाही. हे तुला का लिहितेय ते ठाऊक नाही. माझ्या पुढचा चहा निवून गेला होता.

मग मी आणखी एक खोटं बोलले, की मी तुझ्याकडे कुवेतला चाललेय, वर्षभर. तेव्हा कुठे तिनं हात सोडला. विमान केवढ्याला असतं, तिकडे ऊन किती, तुझी बहीण तुला नीट ठेवील का, एवढं विचारलं. जीपपर्यंत आली. नेहमी जीप वळेपर्यंत उभी राहते, तशीच राहिली.

तू विचारलंस, एवढी मोठी बाई तू, एका गिऱ्हाइकाला इतकी का घाबरलीस? घाबरले बिबरले काही नाही. मागे लागली होती, ती सोडवली, एवढंच. तिचा नंबर मी बंद केला आहे. बंद म्हणजे अफशानं करून दिला, मला येत नाही. बयाबाईच्या तोंडाला आता कारण राहणार नाही. चार महिन्यांनी लोक विसरतील.

रमजान मुबारक. रोजे झेपतील तेवढेच ठेव, औषधांच्या वेळा चुकवू नकोस.

तुझी
सलीमा


महाड
२७ एप्रिल २०२५

आपा,

सलाम आणि उशिराची ईद मुबारक. ईदला धंदा छान झाला. तू बकरी ईदला येतेयस हे दुलाभाईंच्या तोंडून ऐकलं. तूच का नाही सांगितलंस? असो. हे पत्र मी कुणाबरोबर पाठवणार ते अजून ठरलेलं नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

माझं खोटं उघडं पडलं. पडणारच होतं. कारण मी एक गोष्ट विसरले जी फेरीवालीनं कधी विसरायची नसते. आपण गिऱ्हाइकाचं सासर लक्षात ठेवतो, माहेर विसरतो. सरिता शिवथरची. तिची आई प्रयागबाई माझ्या गुरुवारच्या फेरीत आहे. ईदनंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी तिच्या ओटीवर बसून तिला डझनभर लाल बांगड्या भरल्या, आणि वर तिला विचारलं, लेक कशी आहे?

लगेच शनिवारी भर दुपारी सरिता दुकानात आली. दुकानात तीन-चार बायका होत्या. हिनं पदर दोन्ही हातांवर ओढून घेतला होता. मला वाटलं उन्हाचं. फळीसमोर बसली आणि पदर बाजूला केला. दोन्ही हात मोकळे. एक काच नाही. पोलादपुरापासून महाडपर्यंत, आपा, नवरा जिवंत असलेली बाई मोकळ्या हातांनी गाडीत बसून आली. बाकीच्या बायका सरकून बसल्या. एक तर माल न घेताच उठली.

मी विचारलं, आता पुन्हा फोडल्यास?

“फोडल्या नाय. काडल्या,” ती म्हणाली. “साबन लावून एकेक काडली, तुमी काडता तशी. आये बोलली तुमी शिवथरला येताव. कुवेत कवा शिवथरला आला भाभी? खोटं का सांगितलाव?”

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला जास्त लागला.

आता आपली रीत तुला माहीत आहे. भांडण असो, उधारी असो, दुश्मनी असो, सवाष्ण मोकळ्या हातांनी मणियाराच्या दारात आली तर तिला तशी परत पाठवायची नाही. अम्मीनं हे आपल्याला कलम्याच्या बरोबरीनं शिकवलं. सरितालाही ही रीत ठाऊक होती. म्हणूनच ती काढून आली होती. हातात एक बांगडी असती तर मी तिला जा म्हटलं असतं.

मी हिरव्या दोन-चारचा डझन सोडला. तिनं हात पुढे केला. मी तो हात धरला नाही. अफशाला हाक मारली आणि म्हटलं, हिचे हात तू भर.

सरितानं हात मागे घेतला. मग मी सगळं सरळ बोलले, तू सांगितलं होतंस तसं. बोलता बोलता मला इतका राग आला की कुणाचा ते मला तेव्हा कळलंही नाही. म्हटलं, माझी फेरी चालू आहे. कापड्याचं तुझं घर तेवढं मी बंद केलं. मी खोटं बोलले, ती चूक माझी. पण तू काच फोडायचीस, मनगट कापून घ्यायचीस, आणि नावं माझ्या हाताला ठेवली जायची. माझं पोट या हातावर आहे, सरिता. नवरा नाही माझ्या पाठीशी. यापुढे दुकानात ये, अफशा भरेल. मी तुझ्या घरी येणार नाही, फोन उचलणार नाही आणि तुझ्या हाताला हात लावणार नाही.

ती म्हणाली, “एवढंच?”

मी म्हटलं, एवढंच.

एवढंच नव्हतं, आपा. जे राहू दे म्हणून पहिल्या पत्रात सोडलं ते आता लिहिते. तुला लिहिलं नाही तर कुणाला?

संक्रांतीच्या आठवड्यातला मंगळवार होता. वाडीतल्या सगळ्या बायकांचे हात भरून मी तिच्याकडे टेकले होते. तिचेही भरून झाले. पेटी बंद करणार तोच तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “सगल्यांचे भरता, तुमचे कोन भरतो भाभी?” मी म्हटलं, वेडी आहेस का, माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. ती म्हणाली, “मग हात पन मेले का?” आणि पेटीतल्या मोरपंखी बांगड्या उचलून तिनं माझ्या हातात भरायला घेतल्या. येत नव्हतं तिला. दोन टिचवल्या. अंगठा कसा आत घ्यायचा ते मी तिला सांगितलं. होय, मीच सांगितलं. दोन्ही हातांत सहा-सहा चढवल्या आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून ती नुसती बसली. मीही बसले. पेटी तशीच उघडी होती.

मजहबात कुठे मनाई आहे? इद्दत संपली की संपली. पण आपला मोहल्ला तुला माहीत आहे. मी जीपमध्ये त्या घालून बसले. सगळी वाट खिडकीवर हात ठेवून बसले होते, किणकिण ऐकत. पोलादपूरच्या स्टँडवर नळाखाली हात ओले केले आणि सगळ्या काढल्या, एकही न फोडता. पुसून पेटीत ठेवल्या आणि गुरुवारी नात्याला विकल्या. गिऱ्हाइकानं चांगल्या आहेत म्हणून मागून घेतल्या.

पण तो पुढचा मंगळवार येईपर्यंत मी वाट बघत होते. इतकी वर्षं फेरी करते, कुठल्या वाराची मी कधी वाट बघितली नव्हती. तू विचारलं होतंस ना, का घाबरलीस? हे उत्तर. तिच्यामुळे नाही घाबरले. ती पाट्यावर काच फोडत होती ते बघितलं तेव्हा मला वाटलं, मला ही बाई कळते. पुढच्या मंगळवारी मीच हात पुढे केला असता, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी पाट्यावर काय फोडलं असतं ते अल्ला जाणे. मला दुकान आहे, सून आहे, मोहल्ला आहे. म्हणून मी तिला बंद केलं आणि दोष सगळा तिच्या पदरात टाकला.

हे तिला सांगायला हवं होतं का? तेव्हा वाटलं, सांगितलं तर ती कधीच जाणार नाही. आता वाटतं, सांगितलं असतं तर निदान खरं घेऊन गेली असती.

तर, अफशानं बांगड्या भरल्या. पहिल्यांदाच मोबाइल बाजूला ठेवून भरल्या. एकही टिचली नाही. सरितानं डोळे मिटले नाहीत, फळीवरच्या रंगाकडे बघत होती. हात भरून झाले की बायका आपल्या पाया पडतात. आजवर ती माझ्या पडायची. या वेळी उठली आणि अफशाच्या पाया पडली. बावीस वर्षांची पोर, जीन्सवर कुर्ता घातलेली, ती गडबडून माझ्याकडे बघायला लागली, की अम्मी, आता काय म्हणायचं असतं? सुखी रहा म्हणायचं असतं. मला तेवढे दोन शब्द तोंडातून काढता आले नाहीत. अफशा तिला “थँक यू” म्हणाली.

सरिता गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरची खबर बयाबाईकडून आली. परवा ती स्वतः दुकानात आली होती, लग्नाचे दोन्ही चुडे इथेच ठरवून गेली. दुकानभर आवाज करून मला सांगत होती, “तुज्या सुनेचा हात गुनाचा हाय गो. सरिताची काच वाढली नाय तवापास्नं. एक पन नाय.” मी हसले. भाव कमी केला नाही. मी जिंकले म्हण, आपा. हाताचं नाव राहिलं, धंदा राहिला, चुडे राहिले. जाता जाता बयाबाई म्हणाली, सून हल्ली बोलत नाही फारशी, कामात असते.

मंगळवारी मी आता दुकानात असते. पोलादपूरची बाकीची वस्ती बुधवारी करते. बोटांच्या मुंग्या कमी आहेत.

तू बकरी ईदला येशील तेव्हा सामान उघडायच्या आधी, सुनेला, मोहल्ल्याला, कुणाला न विचारता, फळीसमोर बस आणि माझे हात भर. लहानपणी भरायचीस तसे, दाबून, दुखलं तरी न थांबता. रंग तू ठरव, गडदच असू दे. मी काढणार नाही. अर्शद काही म्हणाला तर तू बघ, अफशा काही म्हणणार नाही असं वाटतं. आणि भरून झाल्यावर लगेच उठू नकोस. थोडा वेळ तशीच बस.

हात पुढे करून बसलेली,
सलीमा